वायरमन पाटी

नांदेडहून लातूरकडं एस.टी.नं निघालं की वाटेतली गावं बोर्डावर वाचता येतात, थांबे मात्र ऐकावे लागतात. कंडक्टर ओरडतो, "चला कारखाना, कारखाना!" आणि खिडकीतून बघावं तर कारखान्याचा पत्ता नाही, मोडकं कुंपण, बाभळी आणि आत चरणाऱ्या शेळ्या. पुढं "चिंच" येते. चिंच रस्ता रुंद करताना तोडली, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. तरी चार बाया पिशव्या सावरत बरोबर तिथंच उतरतात. झाड कुठाय, असं एकीलाही वाटत नाही. माझी नोकरी नांदेडला आणि माहेर लातूरला, त्यामुळं निम्मी उमर ह्या रस्त्यावर गेली असं समजा. एवढ्या वर्षांत मला एक कळलंय. आमच्याकडं थांब्याला कुणी नाव देत नाही. चालत्या गाडीत कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी म्हणतं, ड्रायव्हर ब्रेक मारतो, आणि झालं. दुसऱ्या दिवशी तेच नाव दुसरा माणूस घेतो. मग ते पुसायची कुणाची टाप नाही, सरकारचीसुद्धा नाही.

पूर्वी मला ह्याची फार गंमत वाटायची. आता वाटत नाही. आता कुठलाही थांबा आला की मी मनातल्या मनात विचारते, इथं काय होतं आणि ते कधी मेलं? कारण रेणापूर रोडवरच्या एका थांब्याचं नाव माझ्या वडलांवरून पडलंय.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादा लाईटच्या ऑफिसात वायरमन होते. सगळी नोकरी खांबावर चढण्या-उतरण्यात गेली. त्या कामात पगार, प्रमोशन वगैरे मोठेपणाच्या गोष्टी नसतात. तिथं मोठेपणा एकच, हातपाय शाबूत घेऊन रिटायर व्हायचं. दादांच्या बरोबरीच्या कुणाचा हात गेला, कुणी तारेला चिकटून जागीच संपला. दादांना कधी साधा चटका बसला नाही. ऑफिसातल्या निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले, तर दादा उभे राहिले, दोन्ही हात वर केले, सगळ्यांना तळवे दाखवले आणि खाली बसले. एवढंच भाषण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र पदर तोंडाला लावून रडत होती.

आईची भीती मी लहानपणापासून बघितली आहे. तेव्हा आम्ही लातूरजवळच्या एका तालुक्याच्या गावाला भाड्याच्या घरात राहायचो. वादळवारं सुटून लाईट गेली की बाकीच्यांच्या घरी कंदिलाची शोधाशोध, आमच्या घरी आई दारात. दादा कुठल्यातरी खांबावर असणार हे तिला ठाऊक. वर चढायच्या आधी वायरमन सब-स्टेशनला सांगून लाईन बंद करून घेतो, त्याला परमिट घेणं म्हणतात. काम झालं, माणूस खाली उतरला, की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. त्याशिवाय लाईन चालू करायची नाही. म्हणजे हिशोब सोपा होता. गावात लाईट आली, की दादा जमिनीवर आले. बल्ब पेटला की गल्लीतली पोरं "आली रेऽऽ" म्हणून ओरडायची आणि आई बल्बकडं बघून हात जोडायची. "उतरले गं बाई," म्हणायची. मग चुलीकडं वळायची.

रिटायर झाल्यावर दादांनी लातूरच्या बाहेर, रेणापूरकडं जाणाऱ्या रस्त्यालगत प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. कागदावर त्या वस्तीचं नाव गुलमोहर नगर. गुलमोहर एकही नव्हता आणि नगरही नव्हतं. हरभऱ्याच्या रानात चार घरं, आणि मोठ्या रस्त्याच्या वळणावर डीपी, म्हणजे दोन खांबांवर बसवलेला लाईटचा तो ट्रान्स्फॉर्मर. लातूरला टमटममध्ये बसलं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या त्या मोठ्या रिक्षात, तर उतरायचं कुठं ते सांगायची पंचाईत. गुलमोहर नगर म्हटलं की ड्रायव्हर तोंडाकडं बघायचा.

दादांना काही घरात बसवेना. सकाळ-संध्याकाळ चहा झाला की ते वळणावर जायचे. डीपीजवळ रस्त्याच्या कामातून उरलेला एक सिमेंटचा पाईप पडला होता, त्याच्यावर बसायचे. खाकी शर्ट सुटला नव्हता, खिशाला टेस्टर असायचाच. शेतकरी गाडी थांबवून विचारायचे, "वायरमन, मोटार का उचलंना वो?" दादा बसल्या बसल्या सांगायचे. टमटमवाले जाता-येता हात करायचे. मग कुणीतरी एकदा म्हणालं असेल, मला वायरमनपाशी उतरव. आणि ब्रेक लागला असेल.

असं ते नाव पडलं, वायरमन पाटी. मोठ्या रस्त्यावरून आत वाट फुटते तिथं गावाच्या नावाची पाटी असते, म्हणून आमच्याकडं असल्या थांब्याला पाटीच म्हणतात. इथं कसली पाटी नव्हती, नुसते दादा होते. पण काय आनंद झाला आम्हाला! मी नांदेडला ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. आई टमटममध्ये बसली की मुद्दाम चारजणांना ऐकू जाईल असं म्हणायची, "वायरमन पाटीला थांबव रे लेकरा." दादा वरवर चिडायचे. "मी काय पुढारी हाय का?" पण दाढी मात्र रोज करायला लागले.

दोनेक वर्षं बरी गेली. मग दादांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, चावी. मग जेवलो का नाही ते. मग माझ्या मुलाचं नाव. दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. एक दिवस दादा वळणावर गेले, डीपीची पेटी उघडली आणि फ्यूजला हात घालायला लागले. लाईन बंद हाय, परमिट घेतलंय, म्हणत होते. कुणाकडून घेतलं होतं देव जाणे. रोज त्या रस्त्याला असणाऱ्या एका वयस्क टमटमवाल्यानं ते बघितलं, गाडी तशीच रस्त्यात सोडून धावला आणि पाठीमागून कवळा घालून दादांना ओढलं. त्याच दिवशी आईनं बाजारातून कुलूप आणून फाटकाला लावलं. त्यानंतर दादा वळणावर कधी एकटे गेले नाहीत. फिरायचंच झालं तर आई त्यांना मागल्या बाजूनं रानात घेऊन जायची.

पाईप रिकामा झाला. नाव मात्र चालूच राहिलं.

पहिल्यांदा मला खटकला तो डीपीखालचा दगड. मी नांदेडहून आले होते, वळणावर उतरले, तर खांबाच्या बुडाला एक दगड मांडलेला, त्याला शेंदूर फासलेला, समोर अर्धा नारळ आणि जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. शेंदूर ओला होता. मला वाटलं असेल कुणाचा तरी म्हसोबा, आमच्याकडं दगड मांडायला काय लागतं! घरी गेल्यावर आईला काही बोलले नाही.

पुढच्या खेपेला लातूरहून टमटममध्ये बसले तर शेजारी एक अनोळखी बाई, मांडीवर मेथीच्या जुड्या. वळण जवळ आलं तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि हँडलवरचा एक हात काढून छातीला लावला. बाईनं हात जोडले. मागचे दोघंही बोलता बोलता गप्प झाले. मी म्हटलं, "मावशी, इथं कुणाचं ठाणं आहे?"

"तुला ठावं न्हाई? वायरमन मेला की हितं."

"कुठला वायरमन?"

"हितलाच. वर चढलता बिचारा. लाईन बंद करूनच चढलता, पर तिकडून कुणीतरी सोडली. लाईट आली म्हून खाली सगळी पोरं आनंदानं वरडायलीत, आन् ह्यो वर चिकटून बसलेला."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती लाईट मला ओळखीची होती. तो पोरांचा ओरडाही ओळखीचा होता. आई ज्या क्षणाला हात जोडायची, नेमका तोच क्षण ह्या बाईनं उचलला होता आणि उलटा करून माझ्यापुढं ठेवला होता. कुणाच्या तोंडून, कुठल्या वाटेनं तो तिच्यापर्यंत गेला असेल?

बाईला आता रंग चढला होता. "दिवेलागणीला दिसतो म्हणतेत, त्या पायपावर. खाकी सदरा, खिशाला टेस्टर. बोलत न्हाई कुणाला. निस्तं दोन्ही हात वर करतो, असं," आणि तिनं मेथीच्या जुड्यांवरचे हात उचलून मला तळवे दाखवले.

ऑफिसातल्या कार्यक्रमाला ही बाई नव्हती, मी शपथेवर सांगते. दादा पाईपवर बसून असं कधी कुणाला दाखवत होते का, मला माहीत नाही. आजही माहीत नाही.

"बायकोचं डोस्कं फिरलं त्याच्या," बाई म्हणाली. "फाटकाला कुलूप घालून बसती. एक पोरगी हाय म्हणं नांदेडला. ती कशाला येती मरायला हिकडं!"

तेवढ्यानं माझी भीती पळाली आणि असा संताप आला म्हणून सांगू! "मावशी," मी म्हटलं, "ती पोरगी मीच. दर पंधरा दिवसाला येते. आणि तुमचा वायरमन आत्ता घरी वरण-भात खात असेल, या बघायला."

बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. तिनं खाली वाकून माझे पाय बघितले, सरळ आहेत का उलटे. मी उतरले तेव्हा ती अंग चोरून पार दुसऱ्या टोकाला सरकली होती.

घरी आले तर दादा खरंच जेवत होते. मी चपला काढायच्या आधी त्यांचा हात धरला. गरम होता. ते माझ्याकडं बघून ओळखीचं हसले, म्हणजे ओळख पटली नव्हती पण मला वाईट वाटू नये म्हणून. बापाचा हात गरम आहे का हे तपासायची पाळी यावी, ह्याचंच मला रडू आलं. आईनं खोदून खोदून विचारलं आणि मी सगळं सांगून बसले.

आई आधी पांढरी पडली. मग तिचा आवाज चढला. "जित्या माणसाला मारलं? माझ्या जित्या माणसाला? अगं, एकेक वादळ मी दारात उभं राहून काढलंय. एकदा वर गेला की खाली येऊस्तोर पाणी उतरत नव्हतं घशाखाली. नीट आणला घरी, हातपाय धरून आणला. आन् आता हे मेले बसल्या जागी त्याला खांबाला चिकटवायलेत?" तिचं म्हणणं असं, की एवढ्या तोंडांनी रोज एखाद्याला मेला मेला म्हटलं तर ते लागतं. दिवसाकाठी कितीतरी टमटम जातात, प्रत्येकीत दहा-बारा माणसं, आणि सगळी हात जोडून जातात. मी शिकलेली, मी म्हटलं असं काही नसतं आई. पण माझाच आवाज मला पटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई लातूरच्या टमटम स्टँडवर गेली, मी मागं मागं. काय बोलली नाही ते विचारा. ड्रायव्हर पोरं खाली माना घालून ऐकत होती. दादांना ओढून काढणारा तो वयस्क ड्रायव्हर पुढं आला. "काकू, काका जिते हायत, आमाला काय ठावं न्हाई व्हय? पर तोंडात बसलंय आता. पाशिंजर बी तेच म्हणतंय." तरी बिचाऱ्यानं आईच्या शब्दाखातर चार दिवस "डीपी, डीपी" म्हणून बघितलं. माणसं उतरेनात. पुढच्या गावाला जाऊन भांडायला लागली, आमची वायरमन पाटी का सोडली म्हणून. त्यानं येऊन आईपुढं हात जोडले. "काकू, माझी गाडी बंद पडायची पाळी आली बगा."

आईनं डीपीखालचा दगड उचलून रानात भिरकावला. अमावस्येला तिथं दोन दगड होते. ते फेकले तर तीन झाले आणि एकाला डोळे काढलेले. पावसाळा सरल्यावर कुणाच्या तरी फंडातून थांब्याला निवारा आला, त्याच्यावर निळ्या अक्षरात वायरमन पाटी. माझ्या मुलानं फोनवरचा नकाशा उघडून दाखवला, तिथंही आमच्या वळणावर तेच नाव. मोठं करून बघितलं तर कुणीतरी तिथं फोटो टाकला होता, पाईपचा, नुसत्या रिकाम्या पाईपचा. मी फोन पालथा घातला.

आणि मग आईनं तिच्या मते शेवटचा उपाय काढला. लोकांना बोलून पटत नाही ना, मग माणूसच डोळ्यांपुढं बसवायचा. लातूरच्या बाजाराच्या दिवशी तिनं दादांना खाकी शर्ट इस्त्री करून घातला, केसांना तेल लावलं, आणि आम्ही तिघं त्या वयस्क ड्रायव्हरच्या टमटममध्ये बसलो. दादांना मधोमध बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असं. आई ताठ बसली होती. वाटेत एक फेटेवाले म्हातारे चढले. दादांच्या समोरच बसले आणि त्यांच्याकडं बघतच राहिले.

"तुमी वायरमनचे भाऊ का वो? तोंडवळा लई जुळतो."

आईनं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "हाव." आजकाल ते कुणालाही हाव, म्हणजे हो, म्हणायचे. न कळलेल्या प्रश्नाला माणसाला वाईट वाटू नये म्हणून हाव.

"धाकटे का थोरले?"

दादांनी जरा विचार केला. "थोरला."

"लई वाईट झालं बगा."

"काय झालं?" दादा म्हणाले.

आणि म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं. खांब, तार, सोडलेली लाईट, खाली ओरडणारी पोरं. आई मधेच ओरडली, "आवं, हेच ते! हेच वायरमन! बगा की, जिता माणूस बसलाय तुमच्यापुढं!" म्हाताऱ्यानं तिच्याकडं इतक्या दयेनं बघितलं की ती गप्पच झाली. दादा एकटेच पुढं वाकून नीट ऐकत होते. कित्येक महिन्यांत त्यांनी एवढं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं.

"परमिट घेतलं होतं का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"ते आमाला काय ठावं."

"घेतलंच असंल," दादा म्हणाले. "घाईचा गडी नव्हता तो." त्यांचे डोळे भरून आले होते.

आम्ही बाजार न करता परत फिरलो. पण व्हायचं ते झालं होतं. ज्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं, त्याला ही एक गोष्ट पक्की बसली. वायरमन गेला. उठल्याबरोबर तेच, झोपताना तेच. आईनं त्यांना लग्नाचा फोटो आणून दाखवला, हे बघा, हे तुम्ही, ही मी. दादांनी फोटोतल्या नवरदेवावर बोट ठेवलं. "गेला तो हाच ना?" म्हणाले. आईच्या हातातून फोटो खाली पडला.

मग त्यांनी नवीनच धरलं. त्याच्या बायकोला भेटायला जायचं. त्यांच्या ऑफिसात रीतच होती ती. लाईनवर कुणी गेला की बरोबरीचे सगळे त्याच्या घरी जाऊन बायकोपुढं बसायचे. बोलायला काही नसायचं, पण जायचं. "न्हाई गेलं तर तिला वाटंल माणूस एकटाच होता," दादा मला समजावून सांगत होते, जसं काही मी ऑफिसात नवीन लागले आहे. टोपी घालून ते फाटकाशी उभे राहायचे आणि कुलूप हलवत बसायचे. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, आधी तिकडं जाऊन येतो. दोन घास खाल्ले तर खाल्ले. गाल आत गेले, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले त्यांच्या कलानं घ्या, विरोध करू नका. आई दवाखान्यातच म्हणाली, "दुसरं काय बी सांगा, करते. माझा नवरा मेला असं माझ्या तोंडानं म्हणायचं न्हाई." बरोबरच होतं तिचं. ज्या एका गोष्टीसाठी बाईनं सगळा जन्म जीव मुठीत धरला, तेवढीच तिच्याकडं मागत होते सगळे. पण दादा दिवसादिवसाला वाळत चालले होते, हेही दिसत होतं.

एका शनिवारी मी गेले तेव्हा त्यांनी आदल्या दिवसापासून काहीच खाल्लं नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली होती. दादा टोपी घालून फाटकाशी उभे. आई ओसरीतून बराच वेळ त्यांच्या पाठीकडं बघत होती. मग उठली, आत गेली आणि फिकट लुगडं नेसून बाहेर आली.

"आई, काय करायलीस?"

"गप बस. त्यान्ला मागल्या दारानं काढ आन् घराला वळसा घालून फाटकातनं आण. म्हण, आलं तिचं घर."

मी दादांचा हात धरला, मागल्या दारानं निघालो, रानाच्या कडेनं वळसा घालून पुढं आलो. फाटक सताड उघडं होतं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली आणि एका कोपऱ्यात आई बसलेली. खरं सांगते, मला तिची भीती वाटली. पदर कपाळावर ओढून घेतला होता, एवढा की न पुसलेलं कुंकूही दिसू नये. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात गुंडाळलेले. माझी आई ती नव्हतीच. ती त्या टमटममधल्या गोष्टीतली बाई होती आणि आमच्याच घरात बसली होती.

दादांनी टोपी काढली. सतरंजीच्या कडेला बसले.

"वहिनी," दादा म्हणाले.

पदराखालून हुंकार आला.

"यायला उशीर झाला जरा. घरचे सोडंनात." ते थांबले, शब्द शोधत होते आणि त्यांना ते सापडतही होते. "लई चांगला गडी होता. आमी होतो की खाली. एकटा नव्हता तो."

"लई तरास झाला का वो त्यान्ला?" आईनं विचारलं.

"न्हाई न्हाई. कळलं बी नसंल."

तेव्हा आई रडली. ते काही सोंग नव्हतं. सगळ्या वादळांचं जे रडायचं राहिलं होतं ते ती पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि दादा समोर मान खाली घालून, टोपी गुडघ्यावर धरून बसले होते. मला तिथं थांबवेना आणि जाववेना. थोड्या वेळानं आईनं नाक पुसलं. "दोन घास खाऊन जावा," म्हणाली.

"नको वहिनी, निघतो." दादा उठले. "घरी बायको वाट बघत असंल. मी गेल्याबिगर ती जेवत न्हाई."

आई तशीच बसून राहिली. दादांनी चपला घातल्या, टोपी नीट केली आणि फाटकाकडं चालायला लागले. मी त्यांच्या मागं जाणार, तेवढ्यात आई उठली. धावतच आत गेली. आतून बांगड्यांचा आवाज आला, ताटांचा आवाज आला, आणि मग रोजच्या, जरा वैतागलेल्या आवाजात हाक आली, "आवं, आलात का? हातपाय धुवा, वाढलंय."

दादांचा हात फाटकावर होता. ते वळले. "आलो, आलो," म्हणाले आणि घाईनं परत आले.

आईनं पदर मागं टाकला होता, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. दादा ताटावर बसले आणि पहिला घास तोंडात घालता घालता म्हणाले, "जाऊन आलो त्या बाईकडं."

"कशी हाय?" आईनं विचारलं.

"रडली बिचारी. पर धीराची हाय." ते भराभर खात होते. मग हात थांबवून त्यांनी आईकडं बघितलं. "एकटीच असती गं ती. एकदा जेवायला बोलवावं का तिला?"

आईनं अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात घातली.

"बोलवा की," ती म्हणाली.